इसार घेतलेला माणूस

आमच्याकडे वावराचा सौदा ठरला की आधी इसार होतो. कागदावर विसार, बोलण्यात इसार. दोन-चार माणसं ओट्यावर बसतात, चहा होतो, वावर घेणारा खिशातून नोटा काढून विकणाऱ्याच्या हातावर ठेवतो, इसारचिठ्ठी लिहिली जाते. वावर अजून जुन्या मालकाच्याच नावावर असतं. सातबारा बदललेला नसतो, खरेदीला दोन-तीन महिने असतात, मोठी रक्कम यायची असते. तरी त्या संध्याकाळपासून काहीतरी फिरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी कुणी एकरी वीस हजार जास्त द्यायला आला, तर इसार घेतलेला माणूस हात जोडतो. "नाई बाप्पा, इसार घेतला मी." एवढ्यावरही जो पलटतो त्याला गाव विसरत नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती गोष्ट निघते.

हाच शब्द आमच्या बायबलात आहे, हे मी लहानपणापासून वाचत आलो आणि तिशी उलटेपर्यंत मला ते कळलं नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात येशूचा प्रेषित पौल सांगतो की देवाने दिलेला आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. मूळ ग्रीकमधला शब्द अर्राबोन. तोही सेमिटिक भाषांतून व्यापाराच्या वाटेने तिथे आलेला, सौद्यातला शब्द. मराठी भाषांतर करणाऱ्यांनी त्याला बाजारातलाच जोडीदार शोधून दिला, हे त्यांचे उपकार. ('वतन' या शब्दाबद्दल मात्र माझ्या एका बौद्ध मित्राच्या कपाळाला कायम आठी पडते. महार वतनाने काय केलं ते त्याच्या आज्याने भोगलेलं आहे. त्याच्यापुढे मी 'वारसा' म्हणतो.)

मी दारव्हा तालुक्यातला. चौतीस वर्षं मास्तरकी केली, आता सहा एकर कोरडवाहू वावर पाहतो. ख्रिस्ती म्हणाल तर चौथ्या पिढीचा. पणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आली. तिचं ख्रिस्ती होणं ज्वारीच्या भाकरीपासून सुरू झालं, हे आम्ही घरात कधी लपवलं नाही. आमच्या यवतमाळात १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षं मोठी सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, होती, मग ती पुण्याला गेली. आता उरल्या आहेत छोट्या छोट्या मंडळ्या, पत्र्याची चर्चं, रविवारी चाळीस-पन्नास माणसं, त्यात निम्मी दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाणारी. तारणाची आशा या शब्दांना अशा ठिकाणी काय अर्थ आहे, हा माझा प्रश्न.

आणि तो एकट्या आमच्या मंडळीचा नाही. गावोगावी सप्ताह, कथा, पारायणं, प्रार्थनेने रोग बरे करायच्या चंगाईच्या सभा यांचे मांडव वाढले आहेत. पुढच्या लोकाबद्दल, पुढच्या जन्माबद्दल जोरात बोललं जातं. लाउडस्पीकर मोठा, गर्दी मोठी. आणि मजुरीचा दर, काट्याचं माप, विधवेच्या नावावर न चढलेला सातबारा हे सगळं जिथल्या तिथे. मेल्यानंतरची खात्री माणसाला इथे बरं वागायला लावते, की इथल्या वागण्यातून सूट देते?

वर ज्या मित्राचा उल्लेख केला तो एसटीत ड्रायव्हर होता. स्टँडजवळच्या टपरीवर आमची रोजची बैठक. तो म्हणतो, "मास्तर, तुमचं बरं आहे. इथं बुडालं तरी वर जमा. आमचं सारं इथंच आहे, म्हणून आमाले इथंच भांडा लागते." हसत म्हणतो, पण त्यामागे १४ ऑक्टोबर १९५६ आहे. त्या दिवशी त्याचे वडील नागपूरला दीक्षाभूमीवर होते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीबद्दल बाबासाहेबांनी जे लिहिलं, त्यातला एक ठपका मला आजही टोचतो. मिशनऱ्यांनी माणसाच्या दुःखाचं मूळ त्याच्या पापात दाखवलं, समाजरचनेत दाखवलं नाही. आत्मा वाचवायच्या घाईत माणूस उभा कुठे आहे ते पाहायचं राहिलं. हे खोटं आहे असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मग मार्क्सची अफू आलीच. धर्म ही लोकांची अफू आहे, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला दडपलेल्या माणसाचा सुस्कारा म्हटलं आहे, ते फारसं कुणी सांगत नाही. असो.

मित्राचा दुसरा मुद्दा जास्त धारदार आहे. स्वर्ग मिळावा म्हणून चांगलं वागणं हा व्यवहार झाला, त्यात चांगुलपणा कुठला? इथे शंभर टाका, वर हजार घ्या. मला वाटतं, आमच्यातली बरीच माणसं खरोखर तसंच जगतात. दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, चर्चला देताना त्यांच्या चेहऱ्यावर मुदतठेवीची पावती घेणाऱ्याचं समाधान असतं. पण शास्त्र तसं सांगत नाही, आणि इथेच इसार कामाला येतो. मजुरी काम झाल्यावर मिळते. इसार काम व्हायच्या आधी हातावर पडतो. पौल त्याच पत्रात पुढे सांगतो की तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, कोणी फुशारकी मारू नये. म्हणजे देणाऱ्याने आधी दिलं आहे. आता प्रश्न एवढाच की घेणारा पलटतो की टिकतो. इसार घेतलेल्या माणसाला ते वावर दुसऱ्याला विकता येत नाही, तसं ज्याने हा इसार घेतला त्याला स्वतःला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे विकता येत नाही. लाच देणारा येतो, जातीचा पुढारी येतो, निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट येतं. त्या प्रत्येकाला सांगायचं, सौदा आधीच झाला.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. भुकेल्याला खाऊ घातलं, तुरुंगातल्याला भेटायला गेले, त्या माणसांना राजा शाबासकी देतो, तेव्हा ती गोंधळतात. प्रभू, आम्ही हे केलं तरी कधी? त्यांच्याकडे हिशेबाची वहीच नाही. ज्याने वर जमा होईल म्हणून पोळी वाढली असती, त्याला तारीख पाठ असती.

आमच्या भाषेत तारण शब्दाचे दोन अर्थ आहेत. पुलपिटावरचं तारण, म्हणजे मुक्ती, आणि बँकेतलं तारण, म्हणजे गहाण. शब्दाची व्युत्पत्ती पंडितांनी पाहावी, मी बाजार समितीतलं सांगतो. १९९०-९१ पासून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. सोयाबीन निघालं की भाव पडलेले असतात, कारण सगळ्यांचं एकाच वेळी निघतं. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या पुष्कळ खाली बोली होती. ज्याला दुसऱ्या दिवशी कृषी केंद्राची उधारी फेडायची आहे तो मिळेल त्या भावात देऊन मोकळा होतो. पण समितीच्या गोदामात माल ठेवला तर त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. माणूस थांबू शकतो. घाईत स्वस्तात विकायची पाळी येत नाही.

ख्रिस्ती आशेचा नीतीशी असलेला संबंध मला यापेक्षा बरा समजावता येत नाही. ज्याचा सगळा जीव याच हंगामात अडकला आहे, ज्याला जे मिळवायचं ते मरायच्या आत मिळवायचं आहे, तो घाईत असतो. घाईतला माणूस काटा मारतो, भावाचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, सरकवतो, खोट्या साक्षीला उभा राहतो. तो मुळात वाईट असतो असं नाही, त्याला मुदत नसते. पौलाने करिंथच्या लोकांना हेच उलट्या बाजूने सांगितलं: मेलेले उठत नसतील तर खाऊ पिऊ, उद्या मरायचंच आहे. आणि तो मोठा पुनरुत्थानाचा अध्याय तो स्वर्गाच्या वर्णनाने संपवत नाही. तो म्हणतो, कामात भर घाला, तुमचे श्रम वाया जात नाहीत. मला तो अध्याय नेहमी शेतकऱ्यासाठी लिहिल्यासारखा वाटतो. त्यात पेरलेल्या दाण्याचा दाखलाही आहे.

आता आळशीपणाचा आरोप. प्रभू येणारच आहे म्हणून हात बांधून बसणारी माणसं पहिल्या पिढीपासून होती. थेस्सलनीकाच्या मंडळीतल्या काहींनी कामधंदा सोडला होता. स्वतः तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने त्यांना खरमरीत लिहिलं, काम करायची इच्छा नसेल त्याने खाऊही नये. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या मागे लागलेल्यांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही येशूच्या येण्याची तारीख धरली, आणि काहींनी उभी पिकं शेतात तशीच सोडली. तेवीस तारखेला सूर्य उगवला. बाकी सांगायला नको.

पण आमच्याकडे पावसाची वाट कशी पाहतात? मृग सात-आठ जूनला लागतो. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना माणसं उन्हाळवाही करतात, पऱ्हाटी उपटतात, धसकटं वेचतात, धुरे साफ करतात, बियाण्याची जुळवाजुळव करतात. आभाळात ढगाचं चिन्ह नसतं. पाऊस येणार यावर ज्याचा भरवसा आहे तोच त्या उन्हात वखर धरतो. ज्याने पावसाची आशा सोडली, त्याचं वावर पडीत दिसतं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालासुद्धा ते कळतं. आशा धरलेला माणूस ओळखायची आमच्याकडे तरी हीच खूण आहे.

याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात हा शेतकरी आहे. तो भूमीच्या मोलाच्या पिकाची वाट पाहतो, पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत धीर धरतो. त्या देशात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, शेवटचा मार्च-एप्रिलचा. नक्षत्रं वेगळी, मान वर करून आभाळ पाहणं तेच. हा उतारा आमच्याकडे फार आवडता. कोरड्या वर्षी तर हमखास वाचला जातो. पण तो सातव्या वचनापासून वाचतात. चौथं वचन सोडून देतात.

माझं मत बदललं ते त्या सोडलेल्या वचनामुळे, आणि तो किस्सा माझ्याच नाचक्कीचा आहे.

साल २०१७. बोंडअळीने कपाशी खाल्लेली. दुसऱ्या वेचणीला सहा बाया तीन दिवस माझ्या वावरात होत्या. नऊ क्विंटल निघाला. तेव्हाचा दर किलोला सात रुपये, म्हणजे वेचणीचे सहा हजार तीनशे झाले. व्यापाऱ्याने कापूस नेला आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, पंधरा दिवसांनी देतो म्हणाला. मी बायांना सांगितलं, माझे पैसे आले की तुमचे देतो. सगळे असंच सांगतात, मी वेगळं काही केलं नव्हतं. माझी पेन्शन बँकेत होती, हे मात्र मी मोठ्याने म्हटलं नाही. ती घराच्या पत्र्यांसाठी ठेवली होती.

बाजाराच्या दिवशी त्यांतली एक म्हातारी दारात आली. तिची दोन्ही पोरं माझ्या हाताखाली शिकलेली. उभीच राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही. मी पुन्हा चुकाऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "चुकाऱ्याची वाट तुमी पाहा ना मास्तर. माही चूल काऊन पाहीन?"

भांडली नाही. एवढं बोलून निघून गेली. त्या रविवारी चर्चमध्ये वाचन माझ्याकडे होतं आणि नेमका याकोब पाच. पाळकांनी मला सातव्या वचनापासून सांगितलं होतं. मी पहिल्यापासून वाचायला लागलो, का ते सांगता येणार नाही, आणि चौथ्या वचनावर आलो. ज्या कामकऱ्यांनी तुमची शेतं कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे, आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलं आहे. माझा आवाज बसला. समोरच्या बाकावर त्या सहांतल्या दोघी बसल्या होत्या.

तीनच वचनांचं अंतर आहे. मजुरी थांबत नाही, शेतकरी थांबतो. मी नेमकं उलटं केलं होतं. स्वतःच्या आशेचा धीर स्वतः धरायचा सोडून त्या बायांना धरायला लावला होता. सोमवारी बँकेत गेलो.

तेव्हापासून कुणी आशेवर प्रवचन देऊ लागला की मी एकच पाहतो, वाट कोण पाहतंय. देणेकऱ्याने घेणेकऱ्याला आशा शिकवणं ही अफूच आहे, तिथे मी मार्क्सच्या आणि माझ्या मित्राच्या बाजूचा. वावराचा मालक सालदाराला पाडव्याला सांगतो की देव बघेल, धीर धर, तेव्हा तो देवाचं नाव घेऊन आपला हिशेब पुढे ढकलतो. येशूची आशा धरणाऱ्याला स्वतःचं येणं थांबवता येतं; दुसऱ्याचं देणं थांबवायची मुभा त्यातून मिळत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात तर मुदतही दिली आहे: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत. कारणही लिहिलं आहे. तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं.

हीच मोडतोड मरणाच्या दारातही होते. १९ मार्च १९८६ ला आमच्या जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने कुटुंबासह जीवन संपवलं. दरवर्षी त्या तारखेला राज्यात अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. मीही करतो. ईस्टर कितीही मागेपुढे झाला तरी ती तारीख ईस्टरच्या आधीच्या आमच्या उपवासकाळातच येते, त्यामुळे मला वेगळं काही ठरवावं लागत नाही. एका घरी असंच मरण झाल्यावर बाहेरगावचा एक प्रचारक सांत्वनाला आला आणि विधवेसमोर बोलला की याने प्रभूवर आशा धरली असती तर हे झालं नसतं. मी त्याला हाताला धरून ओट्याखाली नेलं. कर्ज, पडलेला भाव, दुबार पेरणी, सावकार, दवाखान्याचा खर्च या सगळ्यांना बाजूला ठेवून मेलेल्या माणसाच्या विश्वासात खोट काढायची, हे स्वस्त काम आहे. त्या बाईला त्या दिवशी वारसनोंद करायला तलाठ्याकडे सोबत जाणारा माणूस हवा होता. आशेबद्दल तिला सांगायचंच असेल तर ते त्या रांगेत उभं राहून सांगता आलं असतं.

ख्रिस्ती आशा नुसत्या आत्म्याची नाही, हे आम्ही दर रविवारी विश्वासांगीकारात म्हणतो आणि विसरतो. देहाचं पुनरुत्थान, असे शब्द आहेत. बाकीची नीती बाजूला ठेवली तरी एवढ्यावरून पुष्कळ निघतं. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. कितीतरी जण दुसऱ्याच्या वावरात पाठीवर पंप घेऊन फिरणारे मजूर. तोंडाला फडकं, हात उघडे, कपाशी डोक्याएवढी वाढलेली. मालकाने मास्क आणि हातमोजे द्यायचे की नाही, हा कृषी विभागाच्या पत्रकाचा विषय आहेच. पण जो माणूस म्हणतो की देव हाच देह पुन्हा उठवणार आहे, त्याच्यासाठी तो पुनरुत्थानाचाही विषय आहे. जे शरीर देवाला इतकं मोलाचं, ते माझ्या वावरात विषाने भिजू द्यायचं कसं? आत्मा तेवढा वर जाणार असता तर फडकं चाललं असतं.

मित्र म्हणतो, हे सगळं आम्ही स्वर्गाशिवाय करतो. बरोबर आहे, आणि त्यावर माझ्याकडे खोडून काढण्यासारखं काही नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगेबाबांनी, हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडली आणि लोकांना मोक्षाची लालूच दाखवली नाही. आनंदवन आणि दत्तपूर हे कुष्ठरोग्यांचे आश्रम चर्चने उभारलेले नाहीत. दुसरीकडे परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे, तोही याच मातीतला. माणूस आशेवाचून चांगला वागू शकतो. आम्ही या गोष्टीचा मक्ता घेतलेला नाही, आणि घेतला असता तर या दोनशे वर्षांतलं आमचं कबरस्थानांच्या जागेवरून आणि मिशनच्या जमिनींवरून चाललेलं कोर्टकचेऱ्यांचं पुराण पाहून तो कुणीही काढून घेतला असता. माझा दावा लहान आहे. ज्याने ही आशा धरली आहे असं तोंडाने म्हटलं, त्याला वाईट वागायचं कारण उरत नाही. बाकीच्यांचं बाकीच्यांनी पाहावं.

तरी एक साक्ष विरोधकाच्या तोंडची आहे, ती सोडवत नाही. चौथ्या शतकात रोमचा सम्राट ज्युलियन याला जुन्या देवांची पूजा पुन्हा वर आणायची होती. ख्रिस्ती लोकांचा त्याला मनस्वी राग. त्याने आपल्या एका प्रमुख पुजाऱ्याला पत्रात लिहिलं की हे गालीली, म्हणजे ख्रिस्ती, त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, आपल्याही गरिबांना पोसतात, याची आपल्याला लाज वाटायला हवी. आमच्या मंडळीबद्दल असं रागाने लिहावं असं आज तालुक्यात कुणाला वाटेल का, हा प्रश्न मी वार्षिक सभेत विचारला होता. पुढचा विषय घ्या म्हणाले.

गेल्या शतकात युर्गेन मोल्टमान नावाच्या जर्मन माणसाने आशेवर पुन्हा विचार करायला लावला. सतरा वर्षांचा असताना, १९४३ च्या जुलैत, हँबर्गवर बॉम्ब पडत होते. त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र मेला, हा वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून तीन वर्षं काढली. १९६४ साली त्याने मांडलं ते थोडक्यात असं: ज्याला देवाने वचन दिलेलं भविष्य दिसलं, त्याला आजची घडी आहे तशी चालवून घेता येत नाही. आशा त्याला बोचत राहते. अफू घेतलेल्याचं लक्षण नेमकं उलटं असतं.

पण मला जर्मनीपेक्षा अनाथोथ जवळचं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात एक जमिनीचा सौदा आहे, आणि मास्तर असताना मी तो पोरांना व्यवहारज्ञान म्हणूनसुद्धा सांगायचो. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेला वेढा घातलेला. शहर पडणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितलेलं, आणि त्याच अपराधासाठी राजाने त्याला चौकीच्या अंगणात डांबलेलं. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो. म्हणतो, अनाथोथचं माझं वावर घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ म्हणजे शहराबाहेरचं गाव. जिथे शत्रूच्या फौजा वावरताहेत तिथली जमीन! आमच्या टपरीवर कुणी असा सौदा सांगितला तर लोक विचारतील, पाणी लागलं का बापा.

यिर्मया घेतो. सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, मोहर करतो. दोन प्रती, एक बंद आणि एक उघडी. आपल्या लेखनिकाला, बारूखाला, सांगतो, या मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हव्यात. कारण देव म्हणाला आहे, या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

जग उद्या बुडणार असेल तरी आज झाड लावीन, असं एक वाक्य मार्टिन ल्यूथरच्या नावावर फिरतं. ल्यूथरच्या लिखाणात ते सापडत नाही. यिर्मयाचं खरेदीखत मात्र शास्त्रात आहे, रकमेसकट. त्याने नुसतं भविष्य सांगितलं असतं तर ते बोलणं झालं असतं. त्याने पदरचे पैसे मोजले, आणि तेही चोख तोलून. पुढे सगळं राखरांगोळी होणार असताना तराजूत चांदी बरोबर आहे की नाही, याची पर्वा कोण करतो? त्याने केली. भावाला घाईत गाठून निम्म्या पैशात घेता आलं असतं, आणि त्या दिवसांत कुणी त्याला नावही ठेवलं नसतं. स्वतः ते वावर कसायला तो जगणार नव्हता. मी हे वाचतो तेव्हा मला वाटतं, आशेची किंमत माणसाने खिशातून काय काढलं यावरून ठरवावी. आमच्या मंडळीत तिची किंमत अजूनही गाण्याच्या आवाजावरून ठरते.

हे सगळं मी मित्राला टपरीवर सांगितलं, यिर्मयापर्यंत. त्याने चहा संपवला आणि म्हणाला, "तराजूचं म्हणता मास्तर, तुमच्या घरचा काटा कदी तपासला का?"

आमच्या घरी वेचणीचा कापूस तोलायला टांगायचा काटा आहे, वडिलांच्या वेळचा. बायांनी संध्याकाळी गाठोडी आणली की ओसरीच्या आढ्याला लावून तोलतो. मित्राने किराणा दुकानातून शिक्क्याचं पाच किलोचं माप आणलं. टांगलं. काट्याने चार किलो नऊशे पन्नास दाखवले. पुन्हा टांगलं, तेच. म्हणजे शंभर किलो वेचणाऱ्या बाईचे एक किलोचे पैसे माझ्याकडे राहत होते. आत्ताच्या दराने दहा रुपये.

तो काही बोलला नाही. काटा मी दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला दुरुस्तीला टाकला. दुकानदाराने स्प्रिंग काढून पाहिली आणि विचारलं, किती वर्षांपासून असा आहे? मला सांगता आलं नाही.